तीन बोटांची जागा

"तुमचीच तीन बोटं," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "एकाखाली एक अशी धरा, आणि तोंडात घालून दाखवा."

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून आईच म्हणते. चाळीस वर्षं सुई धरून त्यांच्या बोटांची टोकं खरखरीत झालीत; मऊ कापडावरून हात फिरवला तर धागा ओढला जातो. ती बोटं त्यांनी जुळवली आणि ओठांशी नेली.

एक बोट आत गेलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. डाव्या कानापुढे 'कट्' असा आवाज झाला, तो मला दोन हातांवरून ऐकू आला. तिसरं बोट बाहेरच उभं राहिलं, कडी वाजवूनही दार न उघडलेल्या पाहुण्यासारखं.

"बस, काढा," डॉक्टर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, पण हसतही नव्हते. "पित्ताशयातले खडे काढायचे म्हणजे पूर्ण भूल. पूर्ण भूल म्हणजे घशातून नळी. ती घालायला वाट लागते, आणि ही वाट दीड बोटाची आहे."

"झोपेत सैल नाही पडणार?" कोचनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं.

"स्नायू आखडले असतील तर पडेल. सांधाच अडकला असेल तर नाही पडणार. दोन्हींतलं कोणतं, ते मला आज सांगता येत नाही. यांचा श्वास हातात धरून मी अंदाज बांधत बसणार नाही." त्यांनी कागदावर तारीख लिहिली. "एकवीस दिवस. दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तेव्हा तीन बोटं गेली तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. नाही गेली तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवीन. तिथं जागेपणी नाकातून नळी घालतात. पण तिथली रांग काही महिन्यांची आहे."

त्या महिन्यांत काय होऊ शकतं, ते सर्जननं आम्हाला आधीच सांगितलं होतं. एखादा खडा कधीही घसरून पित्तनळीत अडकू शकतो. एकदा अडकता अडकता राहिला होता.

बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "चला. बत्तीस कोट राहिलेत."

आमच्या घरात आम्ही तिघंच. पुढच्या खोलीत आईंचं शिलाई मशीन. तेव्हा एका हॉटेलातल्या वाढप्यांचे कोट चालले होते, काळे, काठाला पांढरी पाइपिन लावलेले. मधल्या खोलीत आम्ही दोघं. हा बॉक्सिंग शिकवतो, सगळे याला कोच म्हणतात, मीही म्हणते. आईंना तो बाळ्याच. आणि मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो आणि त्यांवर दात, पट्ट्या, कवळ्या बसवतो. माणूस आम्हाला दिसत नाही. आम्हाला दिसतं ते त्याचं चावणं.

आईंचा जबडा आजचा नव्हता दुखत. सासरे गेले त्या वर्षापासून कुरकुर होती. घास चावताना त्या थांबायच्या, कानापुढे दोन बोटं दाबायच्या, पुन्हा चावायच्या. विचारलं की म्हणायच्या, "जुनं दार आहे, वाजणारच."

त्याच संध्याकाळी कोच जिममधून एक डबी घेऊन आला. आत निळा, रबरासारखा मऊ माउथगार्ड. त्याच्याकडे अशांचं अख्खं खोकं असतं. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की तोंडात घालून दाबायचा, आपल्या दातांचा साचा आपोआप तयार.

"माझा एक पोरगा आहे, त्याचा जबडा असाच धरायचा," तो पातेल्यापाशी उभा राहून सांगत होता. "हा घालून झोपायला लागला, आठ दिवसांत मोकळा."

"त्याला ठोसे बसतात," मी म्हटलं. "आईंना कोण ठोसे मारतंय?"

"तुमच्या लॅबची ती दातांवरची पट्टी यायला चार दिवस लागणार. तोवर काय दात मोजत बसू?"

आईंनी गार्ड तोंडात घातला, दाबला, आणि निळ्या ओठांनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. आम्ही तिघंही हसलो. त्या आठवड्यात आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि माझ्याच लॅबला पाठवलं. कानापुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून त्यांनी आईंना उघडमीट करायला लावलं होतं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: कडक ॲक्रिलिकची स्प्लिंट, म्हणजे पट्टी, वरच्या दातांवर, फक्त झोपताना. चावा सपाट, खालचे सगळे दात एकाच वेळी टेकले पाहिजेत.

"आणि तो मऊ गार्ड बंद करा. काहींना चालतो तो. पण काहींचे दात मऊ काही मिळालं की ते चघळत बसतात, आणि यांचे स्नायू आधीच थकलेत. स्प्लिंट लागली की दर पाच दिवसांनी यांना घेऊन या. मी कागद लावून बघीन, लागेल तिथं घाशीन."

मी ती स्प्लिंट केली. तशी मी आजवर शेकड्यांनी केलीत, पण हिच्यासाठी लॅबमधल्या सगळ्यांना गप्प बसवलं. प्लास्टरचे दोन जबडे बिजागरीच्या यंत्रावर बसवले, पूड आणि द्रव कालवलं, त्या उग्र वासानं डोळे चुरचुरले. घासून, पुसून, चमकवून काढली तेव्हा ती काचेसारखी होती. उजेडापुढे धरली तर पलीकडची खिडकी दिसे. मी मनात म्हटलं, बाई गं, माझ्या घरचं तोंड आहे, नीट बस.

आईंनी ती घातली. "छान आहे पोरी. थंडगार आहे."

"आणि कोचचा गार्ड आता बंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं बोलले, मधल्या खोलीपर्यंत जावं असं.

कोच दारात आला. "त्यांनी सांगितलं, की तू त्यांच्याकडून वदवून घेतलंस?"

"मला काय हौस आहे?"

"तुझ्या हातचं ते औषध, आणि माझ्या हातचं खेळणं. बरं आहे."

"बाळ्या," आई म्हणाल्या, "सूनबाई." एवढंच. दोन नावं, जशी दोन टोकं जुळवून टाचणी मारावी तशी.

रोज सकाळी मी लॅबमधली स्टीलची पट्टी घेऊन मोजायची. वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत. आईंची तीन बोटं त्या पट्टीवर अडतीस मिलिमीटर भरत. पहिल्या दिवशी तोंड उघडलं होतं बावीस. चौथ्या दिवशी चोवीस. मी ते आकडे पट्टीच्या पाकिटावर लिहीत होते.

दहाव्या दिवशी तेवीस.

"उजवीकडं टोचतंय गं जरा," आई म्हणाल्या.

स्प्लिंट लागल्यावर पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं, पण मी आईंना नेलं नव्हतं. कोटांची घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, घासायचं तर मीच घासणार ना. स्प्लिंट लॅबमध्ये नेली, उजवीकडचं किंचित उतरवलं, प्लास्टरच्या जबड्यावर बसवून पाहिली. अगदी नीट बसली. प्लास्टरचा जबडा दुखत नाही, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

बाराव्या दिवशी वीस. आई आता पातळ केलेलं, गाळलेलं तेवढंच घेत. चमचा आडवा जात नसे. उभा करून आत सरकवावा लागे, आणि तो दातांवर घासून वाजला की आम्ही तिघंही तो आवाज ऐकलाच नाही असं दाखवत असू.

"आई, स्प्लिंट नीट लावताय ना?" मी विचारायची.

"लावते की."

कोच त्यांना माझ्या पाठीमागं विचारायचा, ते मला नंतर कळलं. "आई, माझा गार्ड लावतेस ना? तिचं मनावर घेऊ नको."

"लावते की."

चौदाव्या दिवशी अठरा. सात दिवस उरले होते. मी पट्टी पुन्हा लावली. पुन्हा अठरा. आईंनी डोळ्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, "आहे तेवढंच." खोटं बोलताना माझेच दात एकमेकांवर बसले.

पुढच्या खोलीत मशीन सुरू झालं. आई शिवताना गुणगुणतात, लेक पाळण्यात होता तेव्हापासूनची सवय. शब्द कधीच ऐकू येत नाहीत, कारण ओठांत टाचण्या असतात. चार-पाच टाचण्या डाव्या सुळ्यापाशी दातांत धरायच्या, लागेल तशी एकेक काढायची. त्या फटीतून गाणं यायचं ते नुसतं सुरांचं, बंद डब्यातल्या भुंग्यासारखं.

मी त्या दुपारी लॅबमधून लवकर आले. आई खालच्या मजल्यावर बटणं आणायला गेल्या होत्या. मी स्प्लिंटची डबी शोधत मोरीपाशी गेले. खिडकीत स्प्लिंट कोरडी होती, सकाळी धुतली तशी. तिच्या शेजारी निळा गार्ड होता.

तो ओला होता.

दुपारचे चार वाजले होते. ऊन सरळ खिडकीत पडलं होतं, तिथं काही ओलं राहायचं तर ते नुकतंच ठेवलेलं असलं पाहिजे. मी गार्ड उचलला. दात आणि चावणं वाचणं हे माझं काम आहे. दाढांखाली रबर चघळून चघळून पातळ झालं होतं, डावीकडे तर पार पापुद्रा. आणि डाव्या सुळ्यापाशी बारीक भोकं होती, एका ओळीत, एकमेकांत दोन-दोन मिलिमीटर अंतर. असे दात कुणाचेच नसतात. मी भिंग काढलं. भोकं गोल, स्वच्छ. टाचण्यांची होती ती.

कोच घरात शिरला तेव्हा मी तशीच उभी होते.

"बघ," मी गार्ड त्याच्या हातावर ठेवला.

"अगं, ती लावते माझा. मी सांगत होतो ना? मला माहीत होतं, तुझ्यामुळे बोलत नाही."

"त्या माझी लावतात. रोज झोपताना मीच देते हातात. मी बघते."

"मग हा—"

"तुला कधी दिसतो हा त्यांच्या तोंडात?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही. "सकाळी. मी दहाला निघतो तेव्हा. संध्याकाळी आलो की."

"आणि मी आठला जाते." माझा आवाज मलाच परका वाटला. "दिवसा तुझा. रात्री माझी. दहा दिवस त्यांच्या दातांना क्षणभर सुट्टी नाही, कोच. दिवसभर हे रबर चघळून जबडा एकीकडं सरकतो, त्या सरकलेल्या जबड्यावर त्या माझी स्प्लिंट लावतात, टोचणारच. टोचतंय म्हणाल्या आणि मी घासली. उजवीकडची. म्हणजे सगळा भार डावीकडं. दुखऱ्या बाजूला."

आणि त्यावर दिवसभर टाचण्या. मी ते बोलले नाही. तो गार्डची भोकं नखानं चाचपत होता.

जिन्यात चपला वाजल्या. आई बटणांची पुडी घेऊन आल्या आणि लेकाच्या हातातला गार्ड त्यांना दिसला. त्या मशीनपाशी बसल्या, कोट ओढला, चार टाचण्या काढल्या आणि सवयीनं तोंडाकडं नेल्या.

"आई, नको," मी म्हटलं.

हात थांबला.

"का केलंत असं?"

"तू चार दिवस खपून केलीस," दात न उघडता त्या बोलल्या. हल्ली त्या तशाच बोलत. "त्यानं पातेल्यापाशी उभं राहून केला. एकाचं लावलं की दुसऱ्याचं तोंड वाकडं होतं. म्हटलं, माझं आधीच वाकडं आहे, घरात आणखी कशाला?"

"अगं पण आई, खडा अडकला असता तर?" कोच ओरडला. "सात दिवस राहिलेत! सात! तुला काही—"

"ओरड. तुला ओरडता येतं." आईंनी टाचण्या हातातच घट्ट धरल्या होत्या. "दिवसा तुझं, रात्री तिचं. मला वाटलं, दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण. दुखायला लागलं तर म्हटलं, औषध लागतंय."

मशीनच्या चाकावर ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आई, शेजारी मी, भिंतीला टेकून कोच. मी आधी सगळं सांगून टाकलं. पाच दिवसांनी आणलं नाही, दहा दिवसांनी आणलं नाही, घरच्या घरी घासली. बाई ऐकत होत्या आणि निळा कागद चिमट्यात धरत होत्या. तो दातांमध्ये धरून त्यांनी आईंना टकटक करायला सांगितलं. स्प्लिंटवर दाब जिथं जास्त तिथं निळा ठिपका उमटतो. डावीकडे तीन ठिपके उमटले, गडद, शाईचे डाग पडावेत तसे. उजवीकडे काहीच नाही.

"लॅबमध्ये किती वर्षं झाली तुला?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"तरी?"

मी स्प्लिंट पुसून त्यांच्या हातात दिली.

"आणि पहिलवान, तुम्ही?"

"मी बॉक्सिंग शिकवतो," कोच पुटपुटला.

"बाहेरून बसणाऱ्या ठोशाला तुमचा गार्ड उत्तम आहे. माझा मुलगा खेळतो, तोही घालतो. यांचा ठोसा आतून आहे." त्यांनी स्प्लिंट घासायला घेतली. थोडं घासायचं, कागद लावायचा, पुन्हा थोडं. अर्ध्या तासानं दोन्हीकडे सारखे, फिकट, एकाच आकाराचे ठिपके आले. मग त्या आईंकडे वळल्या. "दिवसा तोंडात काहीही नको. ना गार्ड, ना स्प्लिंट, ना टाचणी. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. गरम शेक, आणि मी दाखवते तशी हळूहळू उघडमीट. बाकी त्या जबड्याला विसरून जा."

"टाचण्यांशिवाय हात चालत नाही माझा," आई म्हणाल्या. "तोंडात असल्या की कळतं, किती राहिल्या."

"सहा दिवस आहेत, आजी."

घरी आल्यावर कोच जिममध्ये गेला आणि अर्ध्या तासात परत आला. त्याच्या हातात जुना लाल ग्लव्ह होता, फाटका, आतला कापूस बाहेर डोकावणारा. त्यानं तो आईंच्या डाव्या मनगटावर चढवला, दोऱ्यानं बांधला आणि टाचण्यांची अख्खी डबी त्यात टोचली.

"ही घे. ही आता तुझी दाढ."

आईंनी मूठ उगारून पाहिली. "एक लगावू का तुला?"

"लगाव. तुझी पाळी आहे."

त्या दिवशी मशीनपाशी त्या अवघडल्या. तोंड रिकामं. हात टाचणीसाठी ओठांकडे जायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा. दर थोड्या वेळानं त्यांचे दात आपोआप मिटत, गालावर गाठ उमटे, आणि मी किंवा कोच म्हणत असू, "सुटे." शेवटी त्यांना वैताग आला. "अरे, सुटे सुटे काय लावलंय! कुत्र्याला बोलावताय का?"

"मग गा," मी म्हटलं. "शब्दांसकट. गाताना दात मिटत नाहीत."

"मला शब्द आठवत नाहीत."

"चाळीस वर्षं गुणगुणताय की."

मशीन चालू लागलं. बराच वेळ नुसती चाकाची घरघर. आणि मग, आधी घशातच, मग ओठांवर:

*सुईबाई सुई, चाल हळूहळू,*
*निजलेल्या बाळाला नको गं तू छळू.*

कोच मधल्या खोलीतून बाहेर आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

*धाग्या रे धाग्या, किती तू रे लांब,*
*घरी येतंय लेकरू, जरा इथं थांब.*

"हे माझ्यावर होतं?" त्यानं विचारलं.

"नाहीतर काय वाढप्यांवर?" आई म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांचे पुढचे दात मला दिसले. कितीतरी दिवसांनी दिसले.

सोळाव्या दिवशी एकवीस. सतराव्या दिवशी चोवीस. अठराव्या दिवशी अठ्ठावीस. अडतीसला अजून दहा बाकी होते, आणि दिवस तीन.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी पट्टी काढायच्या आतच आई पलंगावर वाकड्या झाल्या. उजव्या बरगडीखाली दोन्ही हात. चेहरा पांढरा. कळ आली होती. खडा हलला होता.

आणि त्या दात मिटायला लागल्या.

मी ते होताना पाहिलं. गालावरची गाठ वर आली, कानशिलाची शीर ताणली. दातओठ खाऊन सोसणं हीच त्यांना येणारी एक रीत. कोचच्या वेळी बाळंतपणात त्यांनी चादरीचं टोक चावून काढलं होतं, शेजारी ऐकतील म्हणून. सासरे गेले तेव्हा दारात माणसं जमली होती आणि यांच्या तोंडून एक हुंदका निघाला नव्हता. ते सगळं त्या एका सांध्यात जाऊन बसलं होतं. आता ही कळही तिथंच जाणार होती. चार दिवसांचं मिळवलेलं सगळं एका चाव्यात जाणार होतं.

त्यांनी हात पुढं केला. "ते... निळं दे."

चावायला. कोच धावला, खिडकीतून गार्ड घेऊन आला आणि माझ्यासमोर थबकला. आईला कळ येत होती आणि आई मागत होती. त्याचे डोळे मला विचारत होते. असं त्यानं मला कधी विचारलं नव्हतं.

मी मान हलवली. त्यानं गार्ड खिशात घातला आणि आईंसमोर गुडघ्यावर बसला.

"आई, ओरड."

त्यांनी मानेनं नाही म्हटलं.

"ओरड गं. तोंड उघड आणि ओरड. कुणी ऐकत नाहीये."

"खालची... ऐकते."

"ऐकू दे! आयुष्यात एकदा ऐकू दे तिला!"

दुसरी कळ आली. मी त्यांच्या दोन्ही गालांवर तळवे ठेवले, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसे, हलके. हाताखाली स्नायू दगड झाला होता. मला वाटलं, गेलं. मग तो दगड थरथरला, आणि आईंचं तोंड उघडलं, आणि आतून असा आवाज आला की मशीनवरचा कोट खाली घसरला असता तरी मला नवल वाटलं नसतं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा त्या ओरडल्या त्यात सासऱ्यांचं नाव होतं. एवढ्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

खालचीनं छताला काठी ठोकली. कोचनं जमिनीवर टाच आपटून उत्तर दिलं.

इमर्जन्सीत इंजेक्शन दिल्यावर कळ उतरली. सर्जन येऊन बघून गेला. खडा मागे सरकला होता. पुढच्या वेळी सरकेलच असं नाही, म्हणाला. परवा पास झालात तर लगेच घेऊ. घरी आल्यावर, दुपार टळली तेव्हा, मी पट्टी काढली.

एकोणतीस.

एकविसाव्या दिवशी सकाळी बत्तीस. सहा कमी.

भूल देणारे डॉक्टर तेच, खोली तीच. "या. तीन बोटं."

आईंनी हात उचलला. कोचनं माझं मनगट धरलं होतं, हाड दुखेल इतकं, आणि मी सोडवून घेतलं नाही. पहिलं बोट गेलं. दुसरं गेलं, सरळ, न घासता. तिसरं ओठांना टेकलं आणि थांबलं. आईंच्या कपाळावर घाम. गालावर गाठ उमटू पाहत होती. त्यांनी डोळे मिटले, नाकानं लांब श्वास घेतला, आणि घशातून, बोटांच्या मागून, बारीक सूर आला. शब्द नव्हते. पण चाल मी ओळखली.

तिसरं बोट नखापर्यंत आत गेलं. तिथं पुन्हा थांबलं.

डॉक्टरांनी स्वतःचा अंगठा त्यांच्या खालच्या दातांवर ठेवला आणि हळूच दाबला. खूप हळू. मी कोणत्याही प्लास्टरवर इतक्या हळू हात ठेवला नसेल. जबडा आणखी खाली आला, जसं मऊ लाकूड दाबलं जातं. 'कट्' झालं नाही.

"सांधा नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "स्नायू आहे. अजून सोडतोय." त्यांनी अंगठा काढला. "उद्या सकाळी सात. उपाशीपोटी या."

कोचनं माझं मनगट सोडलं. त्यावर चार बोटांचे ठसे उमटले होते, पांढरे, मग लाल.

"झालं, आजी," डॉक्टर म्हणाले. "मिटा आता तोंड."

आईंनी बोटं काढली. पण तोंड त्यांनी लगेच मिटलं नाही. तसंच उघडं ठेवून त्या आधी माझ्याकडे, मग लेकाकडे बघत राहिल्या, आणि आम्ही दोघांनीही त्यांना घाई केली नाही.